पटावर पुढचं दिसतं तरी कसं?

२८ जुलै २०२५. जॉर्जिया देशातलं बाटुमी, काळ्या समुद्राच्या काठावरचं शहर. महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम सामना चालू आहे आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना भारतीयच बसल्या आहेत. एकीकडे आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी, वय ३८. दुसरीकडे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

दोघींचे दोन लांबलचक डाव आधीच बरोबरीत सुटले होते. आता जलद डाव. प्रत्येकीला फक्त १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंदांची भर. पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. शेवटी शेवटी हम्पीकडे वेळ उरला नाही, चालीत चूक झाली, आणि दिव्यानं ती चूक सोडली नाही. डाव जिंकल्यावर तिनं आईला मिठी मारली आणि रडू आवरेना. जगभरच्या लोकांनी ते पाहिलं.

बल्लारपूरच्या मुलांनो, तुमच्या बल्लारशाह स्टेशनावर गाडीत बसलं की चंद्रपूर, भांदक, वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम मागे टाकत तीन-साडेतीन तासांत नागपूर येतं. म्हणजे विश्वचषकाची विजेती तुमच्यापासून फार लांब राहत नाही. पण आज आपल्याला तिच्या डोक्यात डोकावायचं आहे. घड्याळ पळत असताना, इतक्या सगळ्या चालींमधून नेमकी चाल तिला सापडते कशी? पुढचं दिसतं कसं?

आधी 'इतक्या सगळ्या' म्हणजे किती ते मोजू. पट मांडा. पांढऱ्याची पहिली चाल किती प्रकारे होऊ शकते? आठ प्यादी, प्रत्येक एक घर किंवा दोन घरं पुढे जाणार, म्हणजे १६ चाली. दोन घोडे, प्रत्येकाला दोन उड्या, म्हणजे ४. एकूण २०. बाकी मोहरी अजून अडकलेली आहेत. काळ्यालाही तशाच २०. दोघांची एकेक चाल झाली की ४०० शक्यता. पांढऱ्यानं दुसरी चाल केली की ८,९०२ वाटा. काळ्यानंही दुसरी केली की १,९७,२८१. बल्लारपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत नव्वद हजारांच्या आसपास होती. गावातल्या प्रत्येकाला दोन-दोन वाटा दिल्या तरी काही उरतीलच, आणि डावात अजून चारच चाली झाल्या आहेत!

क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं १९५० साली अख्ख्या डावाचा अंदाज बांधला. एकावर १२० शून्यं, इतके वेगवेगळे डाव. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तर आकडा होतो एकावर सुमारे ८० शून्यं. तेव्हा 'ती सगळ्या चाली मोजत असेल' हे उत्तर पहिल्याच फटक्यात बाद. दिव्या मोजत नाही, हम्पी मोजत नाही, संगणकसुद्धा सगळ्या वाटा मोजू शकत नाही.

मग एक प्रयोग करू. घरात किंवा शाळेत जो चांगलं बुद्धिबळ खेळतो त्याला बोलवा, आणि ज्याला फक्त मोहरी कशी चालतात एवढंच कळतं अशा एकाला बोलवा. एखाद्या खऱ्या डावाच्या मधल्या टप्प्यावर पट तसाच ठेवा, वर कापड टाका. कापड पाच सेकंद उचला, परत टाका. आता दोघांनी दुसऱ्या पटावर आठवेल तसं मांडायचं. नवशिक्या चार-पाच मोहरी बरोबर ठेवेल. चांगला खेळणारा बरीच जास्त ठेवेल. हा प्रयोग हॉलंडच्या आद्रियान द ग्रोट यांनी १९४० च्या दशकात केला होता आणि पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी. त्यांच्या प्रयोगात पट एकदाच बघून नवशिक्याला चारएक मोहरी आठवली, तर निष्णात खेळाडूला सोळाच्या आसपास.

'म्हणजे त्यांची स्मरणशक्तीच जबरदस्त असते!' असं म्हणाल. थांबा. आता प्रयोगाचा दुसरा भाग, आणि खरी गंमत यातच आहे. तीच मोहरी पटावर कशीही टाका. राजा भलतीकडे, प्यादी वाटेल तिथे, खऱ्या डावात कधी होणारच नाही अशी मांडणी. पुन्हा पाच सेकंद. या वेळी निष्णात खेळाडूचीही चार-पाचच मोहरी बरोबर येतात. नवशिक्यात आणि त्याच्यात फरक जवळजवळ उरतच नाही!

असं का होतं, ते वाचनावरून कळेल. 'बल्लारपूर' हा शब्द तुम्ही अक्षर-अक्षर जोडत वाचलात का? नाही, एका नजरेत वाचलात. पण तीच अक्षरं 'रपूल्लाबर' अशी उलटीसुलटी करून दाखवली, तर पाच सेकंदांनी ती जशीच्या तशी लिहून दाखवताना तुमचीही अडचण होईल. अक्षरं तेवढीच, डोळे तेच, डोकंही तेच. फरक एवढाच की पहिला शब्द तुम्ही शेकडो वेळा पाहिलेला आहे. दिव्यासाठी पटावर असेच शब्द असतात. राजा कोपऱ्यात सरकलेला, शेजारी हत्ती, समोर तीन प्यादी ओळीनं, त्यांच्या पुढे घोडा. तुम्हाला ही सहा मोहरी दिसतील. तिला ती एकच गोष्ट दिसते, आणि त्या गोष्टीबरोबर आठवतं की अशा राजावर हल्ला कुठून होतो, प्यादं कधी हलवायचं नसतं, उंट कुठे बसला तर धोका. निष्णात खेळाडूच्या डोक्यात असे पन्नास हजारांच्या आसपास आकृतिबंध साठलेले असावेत, असा सायमन आणि चेस यांचा अंदाज होता.

द ग्रोट यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. ग्रँडमास्टर काही इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार जास्त चाली तपासत नाहीत. ते चांगल्या चाली तपासतात. ओळखीची आकृती दिसली की दोन-तीन चाली आपोआप समोर येतात आणि बाकीच्या डोक्यात शिरतच नाहीत. मग त्या दोन-तीन वाटांवर मात्र खूप खोल जायचं. 'मी इथे, ती तिथे, मग मी इथे' असं मनातल्या मनात, मोहऱ्याला हातही न लावता. हे काम सोपं नाही, दमवणारं आहे. पण कुठे खणायचं हे आधी कळलेलं असतं.

पन्नास हजार शब्द वाचल्याशिवाय कुणाला येत नाहीत, तसंच पन्नास हजार आकृतिबंधही डाव खेळल्याशिवाय येत नाहीत. 'जन्मतःच हुशार' असं दिव्याबद्दल कुणी बोललं की मला तिच्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. तिचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. आई-वडील दोघंही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायची. दिव्या मात्र पाचव्या वर्षी बुद्धिबळाच्या पटाशी बसली. २०१२ मध्ये सात वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय विजेती. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनला दहा वर्षांखालची जगज्जेती. २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची जगज्जेती. नागपूरचे राहुल जोशी हे तिचे सुरुवातीचे शिक्षक. २०२० मध्ये, अवघ्या चाळिशीत ते गेले. तिचा विश्वचषक बघायला ते हवे होते, असं राहून राहून वाटतं.

हे वाचताना वाटेल की ती जिंकतच गेली. पण रोजचं काम जिंकण्याचं नसतं, जुने डाव पुन्हा उघडून बघण्याचं असतं. आणि इथे तुमच्या गावातली एक वस्तू कामाला येते: कागद! दीर्घ डावात प्रत्येक खेळाडूला स्वतःची आणि समोरच्याची प्रत्येक चाल लिहावीच लागते, तसा नियमच आहे. पटाच्या चौसष्ट घरांना नावं आहेत. आठ उभ्या ओळींना रोमन अक्षरं, आठ आडव्यांना आकडे, त्यामुळे कुठलीही चाल दोन-तीन खुणांत लिहिता येते. डाव संपला की खेळाडूंकडे तो कागद उरतो. घरी जाऊन तो समोर ठेवायचा आणि शोधायचं: कुठे चुकलं? त्या वेळी आपल्याला काय दिसलं नाही? बल्लारपूरच्या कागद गिरणीची सुरुवात १९४५ ची. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला बांबू तिथे वर्षानुवर्षं वह्यांचा कागद होत आला. एक वही वेगळी काढा आणि आपले डाव लिहायला लागा. महिनाभरानं पहिलं पान उघडलंत तर तेव्हा न दिसलेलं काहीतरी आता नक्की दिसेल.

दिव्याकडे परत येऊ. २०२२ आणि २०२३, सलग दोन वर्षं महिलांची राष्ट्रीय विजेती. २०२३ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीला आशियाई विजेती. २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती, ११ फेऱ्यांत १० गुण. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हंगेरीच्या बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिंपियाड, म्हणजे देशादेशांच्या संघांची स्पर्धा झाली. भारताच्या महिला संघात हरिका द्रोणवल्ली, वैशाली, दिव्या, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव, तर संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. दिव्या अकराच्या अकरा डाव खेळली. आठ जिंकली, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरली नाही. साडेनऊ गुण! तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णपदक तिला मिळालं, संघालाही सुवर्ण मिळालं आणि पुरुषांच्या संघालाही. दोन्ही सुवर्णं एकदम मिळण्याची भारताची ती पहिलीच वेळ.

तरीही बाटुमीला ती निघाली तेव्हा तिचं मानांकन होतं पंधरावं. म्हणजे कागदावर तिच्यापेक्षा चौदा जणी वरचढ.

हे 'कागदावर' कोण ठरवतं? आर्पाद एलो. जन्मानं हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी खेळाडूंची ताकद आकड्यात मोजायची रीत बसवली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघानं ती १९७० पासून स्वीकारली. रीत अशी: दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून अपेक्षा ठरते. बलवानानं दुबळ्याला हरवलं तर त्याला चिमूटभर गुण मिळतात, दुबळ्यानं बलवानाला हरवलं तर मूठभर. अंतिम सामन्याच्या वेळी हम्पी आणि दिव्या यांच्यात सुमारे ८० गुणांचा फरक होता. एलो यांच्या सूत्रात ८० घातले तर उत्तर येतं की दोघी शंभर डाव खेळल्या, तर हम्पीला ६१ गुण आणि दिव्याला ३९. जिंकलं की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा. आता ३९ हा आकडा नीट बघा. तो शून्य नाही. गणितानं दिव्यासाठी दार बंद केलेलं नव्हतं, जरा कमी उघडलेलं होतं इतकंच.

तुम्हा बल्लारपूरच्या मुलांना हे समजायला सूत्राचीही गरज नाही, कारण तुमच्याकडे सशाची गोष्ट आहे. वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरच्या किल्ल्यात राहणारा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह एकदा शिकारीला गेला. तिथे त्यानं पाहिलं, की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा चक्क राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलाय! घरी येऊन त्यानं राणीला सांगितलं. राणी म्हणाली, हा शुभशकुन आहे, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर तटबंदी घालून नवं शहर वसवा. तेच चंद्रपूर, असं सांगतात. गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. शेवटी एका जागी कुत्र्यानं सशाला गाठून मारलं होतं. राणीनं सांगितलं, त्या जागी तट जास्त भक्कम करा, धोका तिथेच आहे. राजाला नवल दिसलं आणि राणीला त्या नवलातली कच्ची जागाही दिसली. पटावर बसली असती तर ती राणी मोठी खेळाडू झाली असती, याबद्दल मला शंका नाही.

बाटुमीला दिव्यानं चौथ्या फेरीत दुसरं मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनरला हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच हरिकाला. उपांत्य फेरीत चीनच्या तान झोंगयीला, जी २०१७ मध्ये जगज्जेती होती. त्यातला एक डाव १०१ चालींचा झाला. इतक्या उशिरापर्यंत लक्ष टिकवायचं म्हणजे डोक्याइतकंच शरीराचंही काम आहे. आणि मग हम्पी.

या विजयानं आणखी एक गोष्ट घडली. ग्रँडमास्टर व्हायचं तर एरवी २५०० गुणांची पातळी गाठावी लागते आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत तीन वेळा 'नॉर्म', म्हणजे ठरलेल्या तोडीच्या कामगिरीचा शिक्का, मिळवावा लागतो. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता, गुणही २५०० च्या खाली होते. पण हा विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो असा नियम आहे. त्यामुळे ती एका दुपारी भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या ८८ जणांत बायका किती? हम्पी, हरिका, वैशाली आणि दिव्या. चार.

इतक्याच का? मेंदूत काही फरक असतो म्हणून? लहानपणापासून किती मुलींना पटाशी बसू दिलं, स्पर्धेला पाठवलं, हे आधी विचारायला हवं. बसू दिलं की काय होतं त्याची एक मस्त कथा आहे. १९२७ मध्ये वेरा मेनचिक महिलांची पहिली जगज्जेती झाली. १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत तिला पुरुषांबरोबर खेळायला बोलावलं. आल्बर्ट बेकर नावाच्या खेळाडूनं चेष्टा केली, की जो हिच्याकडून हरेल त्याला 'वेरा मेनचिक क्लब'चा सभासद करू. पहिला सभासद झाला स्वतः बेकर! पुढे त्या क्लबात मोठमोठी नावं आली. हॉलंडचे माक्स युवे, जे १९३५ मध्ये जगज्जेते झाले, तेसुद्धा वेराकडून हरलेले.

युवे हे नाव लक्षात ठेवा. आता मुंबईला या. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीनं जिंकली, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं अजिंक्यपद या तीन बहिणींच्या घरातच फिरत राहिलं. धाकटी रोहिणी १९७६ मध्ये, १३ वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनी निर्णय दिला, की बायकांना कुठल्याही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. हे अध्यक्ष कोण होते? माक्स युवे. वेरा मेनचिकशी खेळून त्यांना जे कळलं होतं, ते नियम ठरवताना आठवलं असेल का?

रोहिणीनंतर भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले आल्या, दोघी आशियाई विजेत्या, दोघींना पद्मश्री. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये अर्जेंटिनात वीस वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या स्पर्धेत दिव्या महिलांच्या नव्हे, खुल्या गटात खेळायला बसली. तिथे तिनं जगज्जेत्या गुकेशला बरोबरीत रोखलं. या वेळी कोर्टात जावं लागलं नाही.

आता तुमच्यासाठी एक कोडं. घोड्याची अडीच घरांची उडी तुम्हाला ठाऊक आहे. त्या उडीनं आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून वेड लावलंय. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रट नावाच्या पंडितानं 'काव्यालंकार' या ग्रंथात अर्ध्या पटाच्या ३२ घरांत अक्षरं अशी बसवली, की सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्या मारत वाचा, श्लोक तोच!

तुमचा पट मात्र अख्खा, ६४ घरांचा. घोडा एका कोपऱ्यात ठेवा. त्यानं सगळ्या घरांना एकेकदाच भेट द्यायची आणि शेवटची उडी मारून तिरक्या रेषेतल्या समोरच्या कोपऱ्यात पोचायचं. जमेल का? पटावर घोडा नाचवत बसलात तर अब्जावधी वाटा आहेत, म्हातारे व्हाल. पण घोडा न हलवताही खात्रीचं उत्तर मिळतं. तीन गोष्टींकडे बघा: एका उडीत घोडा ज्या घरातून निघतो आणि ज्या घरात पडतो त्या दोन घरांचे रंग, एकूण उड्या ६३, आणि त्या दोन कोपऱ्यांचे रंग.